आडत बाजारात लागलेलं अभिनंदन

लातूर, ९ जून १९९८

ती. सौदामिनीताईस,
यज्ञेशचा सा. न. वि. वि.

तुझं किनवटचं जंगल, आश्रमशाळेतली पोरं आणि दाजी, सगळे मजेत असतील. मी मजेत नाही. कारण आधीच सांगून टाकतो, नाहीतर तू हसत बसशील आणि मला राग येईल.

वर्षाराणी दिल्लीला चालली. शिक्षण धोरण नावाच्या विषयात एम.ए. करायला. भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमधल्या शाळेत तुझ्या हाताखाली पोरं सांभाळायची, तीच ही. बी.एड. झाली, इथं लातुरात एम.एड.ला नंबर लागला, घरून एसटीनं जाणं-येणं. आणखी काय पाहिजे माणसाला? मी विचारलं, धोरण शिकून नोकरी कोणती लागते? तर म्हणे, मालूम नाही. मालूम नसलेल्या गोष्टीसाठी दिल्ली! मी म्हणालो, एम.एड. कर, कॉलेजात प्राध्यापक होशील. त्यावर म्हणाली, की प्राध्यापकाशी भांडून नांदेडला बी.एस्सी. अर्धी टाकून आलेल्या माणसानं हे सांगू नये. चहाच्या टपरीवर, चारचौघांत म्हणाली, ताई.

ती तुझं ऐकते. तिला एक पत्र टाक, माझं नाव न घेता. तसं आमच्यात काही न्हाई, हे तुला माहीतच आहे. फक्त ती गेली तर मला लातुरात श्वास घेता येणार नाही, एवढंच.

दाजींना नमस्कार. लोभ आहे, तो या पत्रामुळं कमी होऊ देऊ नये.

तुझा
यज्ञेश

किनवट, १४ जून १९९८

चि. यज्ञेशास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र पोचलं. तुझ्या दाजींना वाचून दाखवलं. ‘आमच्यात काही न्हाई’ हे वाक्य त्यांनी पुन्हा वाचायला लावलं. तुझ्या श्वासाची त्यांना फार काळजी लागून राहिली आहे. ओव्याची पुरचुंडी धाडू का, विचारतात.

गंमत आहे बघ तुझी. स्वतःची पदवी वाऱ्यावर सोडलीस आणि दुसऱ्याची निवडायला पुढं!

मी वर्षाराणीला पत्र टाकणार नाही, कारण तिचंच मला आलंय. नोकरी कोणती ते तू विचारलंस, शिकायचंय काय ते विचारलं नाहीस. त्यांच्या गावाचं पुनर्वसन झालं तेव्हा पक्की घरं आली, रुंद रस्ते आले आणि शाळा गेली पार दुसऱ्या टोकाला. पहिली-दुसरीच्या पोरींना उन्हात तेवढं चालवेना, त्या घरी बसल्या. मोठी पोरं तुमच्या लातूरच्या क्लासांना गेली. शाळा तिथं असावी हे कुणी ठरवलं आणि गावात कुणाला विचारलं, हे तिला शोधायचंय. वर्गात शिकवावं कसं, ते तिला येतं. वर्ग मुळात कुठं भरावा हे कोण ठरवतं, तो तिचा प्रश्न आहे.

तरी अजून तिचं नक्की नाही. वडलांपुढं, ग्यानोबाकाकांपुढं, विषय काढायची हिंमत होत नाही तिची. महिनाअखेर दिल्लीला कळवायचंय. तोवर तू एकच कर : काही करू नकोस.

राग गिळावा, जेवण वेळेवर गिळावं, लोभ मात्र तसाच ठेवावा.

तुझी
ताई

लातूर, २० जून १९९८

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

काही करू नकोस हे तुझं वाक्य माझ्यापर्यंत पोचलं, त्याच्या आदल्या दिवशी मी करून बसलो होतो.

तुला ठाऊक नसेल, निकाल लागला की लातुरात चौकाचौकांत कापडी बॅनर लागतात. मी नोकरी करतो त्या क्लासचे बॅनर लावायचं काम माझ्याकडंच असतं. बोर्डात आलेलं पोरगं पाच-सहा क्लासला तोंड दाखवून आलेलं असतं. मग ज्याचा बॅनर आधी लागला, पोरगं त्याचं. बाकीचे खामोश. मला वाटलं, दिल्लीच्या आधी आपण लावावा. मन्मथ पेंटरकडून लाल अक्षरांत लिहून घेतलं, गावाच्या आणि वडलांच्या नावासकट : ‘कु. वर्षाराणी ग्यानोबा हिची लातूर येथे एम.एड.साठी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन! शुभेच्छुक : यज्ञेश.’ आडत बाजाराच्या तोंडाशी टांगला. लई देखणा दिसत होता, खोटं कशाला बोलू.

नेमके त्याच दिवशी ग्यानोबाकाका राहिलेली तूर घेऊन आडतीत आले. आडत्यानं त्यांच्या गळ्यात हार घातला, हमालांनी पेढे मागितले. काकांनी तिथं वाटले, गावात जाऊन पुन्हा वाटले, की पोरगी लातुरातच राहणार. आता ती कोणत्या तोंडानं दिल्लीचं नाव काढेल?

काल क्लासवर आली. ओरडली असती तर बरं झालं असतं, मीपण ओरडलो असतो. एवढंच म्हणाली, की आमची शाळा कुठं जाणार हेही आम्हाला न विचारताच ठरलं होतं, तू त्यांच्यातलाच. बॅनर उतरवला, नीट घडी घातली आणि घेऊन गेली.

काय करू, ते थट्टा न करता सांग. लोभाच्या लायकीचा उरलो असेन तर तो असावा.

तुझा
यज्ञेश

किनवट, २३ जून १९९८

चि. यज्ञेशास,
आशीर्वाद.

थट्टा न करता लिहायचं म्हणून तुझ्या दाजींना दुसऱ्या खोलीत बसवलंय. तरी हसू ऐकू येतंय. आपल्या खानदानात मनातली गोष्ट कुणी आडत बाजारात टांगली नव्हती रे.

आता ऐक. पत्र मिळताच तिच्या गावी जा. बॅनर मी लावला, तिला न विचारता लावला, एवढं काकांना सांग. दिल्लीची वकिली करू नकोस, ते तिचं तिला बोलू दे. राग यायला लागला की पाणी माग.

उलटटपाली कळव. माया आहे म्हणूनच रागावते, हे ध्यानात असावं.

ताई

नांदेड, १२ जुलै १९९८

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

उलटटपाली जमलं नाही. तोंडच नव्हतं.

गेलो तिच्या गावी. काकांनी बसही म्हटलं नाही. मी सांगायचं ते सांगितलं. ते म्हणाले, की पोरीचा बाप जिता असताना डांगोरा पिटणारा तू कोण? मी पाणी मागितलं. मग म्हणाले, कॉलेज सोडलेल्याला एम.एड.चा अर्थ तरी कळतो का? मी पुन्हा पाणी मागितलं. तिसऱ्यांदा मागितलं, तर वर्षाराणीच्या आईनं, लक्ष्मीकाकूंनी, कळशीच माझ्यापुढं आणून ठेवली.

मग काका चल म्हणाले. नातीला शाळेत सोडायचं होतं. पोरगी आधी चालली, मग त्यांच्या खांद्यावर बसली, मग त्यांनी तिला माझ्या खांद्यावर दिलं. रिकामे प्लॉट, रुंद रस्ता, सावली म्हणून नाही. चालून चालून मी वैतागलो आणि विचारलं, काका, शाळा आहे तरी कुठं? काका थांबले. म्हणाले, हेच इचारायला ती दिल्लीला चालली हाय, मला काय कळत न्हाई व्हय? काकूंनी त्यांना केव्हाच सांगितलं होतं, ताई. पोरगी स्वतः कधी विचारते याची वाट बघत होते. बॅनर वाचून त्यांना वाटलं, आपल्यासाठी पोरीनं दिल्ली सोडली. लोकांत पेढे वाटले, आणि घरी त्यांना घास उतरेना.

परत आल्यावर त्यांनी तिला हाक मारली आणि म्हणाले, की दिल्लीला कळव, आणि आता तरी स्वतःच्या तोंडानं सांग.

काल इथून सचखंड एक्स्प्रेसनं ती दिल्लीला गेली. मला कुणी बोलावलं नव्हतं, काकांच्या मागं उभा राहिलो. तिची वळकटी बघितली. माझ्या बॅनरचीच खोळ शिवली होती! लातूर, एम.एड., अभिनंदन सगळं आत दुमडलेलं. बाहेर लाल ठळक अक्षरांत फक्त ‘शुभेच्छुक : यज्ञेश’. हमालानं विचारलं, हा यज्ञेशचा सामान हाय का? ती माझ्याकडं न बघता म्हणाली, हाव, पण तो येत न्हाई, त्याचं सेकंड इयर राहिलंय.

ताई, उद्या कॉलेजात जाऊन बी.एस्सी.चा फॉर्म भरतो. सही त्याच प्राध्यापकांची लागते. पाण्याची बाटली भरून ठेवली आहे.

दाजींना म्हणावं, खुशाल हसा. तुमचा दोघांचा लोभ हसत हसत राहू द्यावा.

तुझा
यज्ञेश