साळिंदराचं घर, पान तेवीस

ती. ताईस,

गुडघे हल्ली वाकायला तयार नसतात, तेव्हा नमस्कार मनातल्या मनात वाकून केला आहे असं समज. तुझी कंबर कशी आहे? भावजींचा खोकला? (त्यांना सांग, काढा प्यायचा असतो, कुंडीत ओतायचा नसतो.) माझी तब्येत ठणठणीत आहे. मागे तू लिहिलं होतंस, एकटा कशाला राहतोस, कायमचा इकडे ये, मागची खोली रिकामीच आहे. मी 'बघू' असं कळवलं, त्याला सहा महिने झाले. पण बघायला सवड कुठे आहे? बालवाचनालयाची फाटकी पुस्तकं नीट करता करता दिवस पुरत नाही. ही गेल्यापासून चहाला सवयीने दोन कप काढले जातात, तेवढं सोडलं तर सगळं सुरळीत. (दुसऱ्या कपात पुस्तकांची खळ कालवतो. एकदा घाईत तीच प्यायलो. दोन दिवस पोटातली पानं एकमेकांना चिकटल्यासारखी वाटत होती.)

तर झालं असं. वाचनालयाच्या बाईंनी चित्रांचं एक पुस्तक आणून दिलं. एक खार पाठीला पिशवी लावून जग बघायला निघते आणि पुढे कुठे जायचं ते वाचणाऱ्या मुलाने ठरवायचं. डोंगर चढायचा असेल तर अमुक पान उघडा, होडीत बसायचं असेल तर तमुक. मुलांची बोटं नेमकी त्याच ओळींवरून फिरलेली, त्यामुळे सगळ्या पानांचे खालचे कोपरे गायब. (एका पानावर दातांचे ठसे होते. कुणीतरी बराच विचार केलेला दिसतो.) कोपरे मी नवे लावले, पण आकडे कुठून आणणार? बाई म्हणाल्या, गोष्ट वाचा आणि अंदाजाने लिहा, चाळीस वर्षं पुस्तकं बांधताय ना. आता बांधणाऱ्याने वाचायचंही असतं, हे मला चाळीस वर्षांत कुणी सांगितलं होतं?

वाचलं. डोंगर, गुहा, होडी, दीपगृह, सगळं झकास. आणि पान तेवीसवर एक म्हातारं साळिंदर. घरात एकटंच, टेबलावर दोन कप मांडून बसलेलं. त्याच्याकडे जायला एकच वाट, तीही दलदलीतून. डोंगर आणि होडी सोडून दलदल कोण निवडणार, सांग बरं?

शनिवारी गोष्टीच्या तासाला मुलांनी हात वर करून डोंगर निवडला, ती पोचली साळिंदराकडे. होडीत बसली, साळिंदराकडे. गुहेत शिरली, तरी तिथेच. पाचव्या वेळी बाईंनी पान उलटायच्या आतच सगळी मुलं एका सुरात म्हणाली, साळिंदराकडे! दोन वेण्यांची एक मुलगी तर म्हणे साळिंदराला दटावत होती, दोन कप पुरणार नाहीत, आम्ही किती जणं आहोत बघ.

बाई तडक माझ्या खोलीवर. म्हणाल्या, डिंककाका (हे मुलांनी ठेवलेलं नाव, बाईंनी उचललं), मुलांनी आपलं आपण ठरवायला शिकावं म्हणून हे पुस्तक, आणि तुम्ही सगळ्या वाटा एकाच दारात नेऊन सोडल्यात. मी म्हटलं, चष्म्याचा दोष. त्यांनी माझ्या चष्म्याकडे पाहिलं, मग टेबलावरच्या दोन कपांकडे, आणि खुर्ची ओढून बसल्या. चहा घेतला. (दुसरा कप आधी घासावा लागला, खळ वाळली होती.) अर्धा तास बसल्या. जाताना म्हणाल्या, आकडे सोमवारपर्यंत नीट करून द्या.

तेव्हा कामाचा डोंगर आहे, पत्र आवरतं घेतो. भावजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. चष्म्याचा काही दोष नाही. मागच्याच महिन्यात नवा केलाय.

ता. क. दुसरा. आकडे नीट केले. आता डोंगर निवडला की डोंगरच येतो. होडीची वाट तेवढी साळिंदराकडेच ठेवली आहे. होडी सगळेच निवडतात.

ता. क. तिसरा. ताई, मागच्या खोलीचं मला पुन्हा एकदा विचारशील का? घर खायला उठतं गं. आपणहून येतो म्हणायला जीभ रेटत नाही. या वेळी 'बघू' म्हणणार नाही. कप माझे मी आणीन. दोन्ही.