पट्टा कोणाचा, खुर्ची कोणाची

बुकोम, अक्रा
मंगळवार

प्रिय ओडार्कोर,

बोर्डिंगच्या मागच्या पायरीवर आपण दोघी भाजलेलं केळं खात बसायचो, ते आठवतं का गं? केळं एक, शेंगदाणे मूठभर. भांडण नको म्हणून सिस्टर बर्नार्डांनी नियम घालून दिला होता : एकीने कापायचं आणि दुसरीने आधी उचलायचं. मी जिभेचं टोक बाहेर काढून अगदी मध्यावर कापायचे, तरी मोठा अर्धा तुलाच कसा मिळायचा, हे कोडं मला साठी उलटली तरी सुटलेलं नाही. असो. तुझे गुडघे कसे आहेत? टाकोराडीची हवा सांध्यांना वाईट, असं ऐकते (ऐकून बरं वाटतं असं नव्हे). इकडे मी ठीक आहे. लान्टेही ठीक आहे. मक्याच्या आंबवलेल्या पिठाची केंकी आणि मासळी दोन्ही वेळा खातो आणि संध्याकाळी दारात बसून येणाऱ्याजाणाऱ्याला ठोसा कसा चुकवायचा ते शिकवतो. डावा कान मात्र शेवटच्या लढतीत गेला तो गेलाच.

पत्राचं कारण असं, की येत्या शनिवारी आपल्या गल्लीतल्या नव्या मुष्टियुद्ध सभागृहाचं उद्घाटन आहे आणि जुन्या विश्वविजेत्यांचा सत्कार आहे. प्रत्येक विजेत्याशेजारी पत्नीसाठी एक खुर्ची. एकच.

त्याच्याच चौकशीला समितीचा सचिव ओक्पोती घरी आला. मी निळा पट्टा खोबरेल तेलाने पुसून समोर ठेवला आणि म्हटलं, "माझा नवरा विश्वविजेता." तर तो वही उघडून म्हणतो, "हो आंटी, पण कुठल्या विश्वाचा?" त्याच्या वहीप्रमाणे त्या एका साली त्या एका वजनगटाचे तीन विश्वविजेते होते, आणि त्यातले दोन आपल्याच गल्लीतले! आपला लान्टे तीन अक्षरी संस्थेचा, समोरचा बोर्केते चार अक्षरी संस्थेचा. दोघे जन्मभर एकाच नळावर पाण्याला उभे राहिले, पण रिंगणात कधी समोरासमोर आले नाहीत, कारण संस्थांचं आपसात पटत नव्हतं. बोर्केतेच्या बायकोने तर टपरीवर 'अविवादित विश्वविजेता केंकी' अशी पाटी लावली आहे. (तिची केंकी कच्ची असते, याबद्दल मात्र गल्लीत खरोखरच वाद नाही.) मी विचारलं, मग खरा पट्टा कोणाचा? तर म्हणाला, "आंटी, ज्या संस्थेने दिला तिच्यापुरता तो किताब. बाकीच्यांच्या लेखी विजार सावरायची सोय."

मग त्याने प्रकार वाचून दाखवले. हंगामी विजेता, विश्रांतीवरचा विजेता, मानद विजेता. तो वाचत होता आणि मला राहून राहून तू आठवत होतीस. आपल्या घरातही दुसरं काय झालं? तुझ्या वडिलांचं दार लान्टेने आधी ठोठावलं, मागणी घालायला श्नॅप्सच्या दोन बाटल्या घेऊन, हे मी कधीच नाकारलं नाही. पण त्यानंतर तू नर्सिंग शिकायला इंग्लंडला गेलीस ती तीन वर्षं फिरकली नाहीस. संस्थेचा नियम स्पष्ट आहे : किताब राखायला मुदतीत उतरलं नाही, तर किताब रिकामा होतो. तो रिकामा झाला, आणि मी तो फादरसमोर, दोनशे साक्षीदारांच्या देखत जिंकला. अंगठी माझी, 'मिसेस' माझं. मग तू परत आलीस, आणि त्याने रीतसर सहा कापडं देऊन तुझ्याशीही लग्न केलं. (त्यातलं पिवळं कापड तर मीच पसंत केलं होतं, माझ्यासाठी चाललंय असं समजून.) तुझ्या माणसांच्या लेखी सहा कापडांची तीच खरी बायको, फादरच्या लेखी मीच, आणि दोन्ही किताब एकत्र कधी झालेच नाहीत. बारा वर्षांपूर्वी तू रागावून भावाकडे गेलीस, तेव्हापासून तू विश्रांतीवर. मत्सर हे पाप आहे असं आपल्याला शिकवलं होतं खरं, पण धर्माच्या प्रश्नोत्तरीत सवतीचा मत्सर असा वेगळा उल्लेख नव्हता. मी पुन्हा काढून पाहिलं.

तेव्हा ओडार्कोर, शनिवारची खुर्ची क्वार्लेची आहे, एवढ्या दोन ओळी तुझ्या सहीने लिहून पाठव. तुझं अक्षर चांगलं आहे. तेही तुझंच चांगलं होतं.

तुझी,
<u>मिसेस</u> फिलोमिना क्वार्ले लान्टे

ता. क. एक गोष्ट सांगायची राहिली. ओक्पोतीने जाता जाता लान्टेलाच विचारलं, "अंकल, खुर्चीवर नाव कोणाचं घालू?" त्याने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "ओडार्कोर, पाहुण्यांना पाणी दे." गेले पाच महिने तो मला याच नावाने हाक मारतो. मी पाणी आणलं. (पाहुण्याला तहान लागली होती, काय करणार?) ओक्पोतीने तेच नाव लिहून घेतलं. तो गेल्यावर मी लान्टेला म्हटलं, "अरे, मी क्वार्ले." तर उठून, परक्या बाईला म्हणावं तसं, मोठ्या अदबीने म्हणाला, "बसा ना बाई. ओडार्कोर येईलच एवढ्यात. ती आल्याशिवाय मी रिंगणात उतरत नाही." आणि घातलेले बूट काढून ठेवले.

ता. क. २. त्या दोन ओळी लिहू नकोस. शुक्रवारच्या बसने ये. हे पत्र आणणाऱ्या ड्रायव्हरकडे एक गाठोडं आहे. त्यातली धुरावलेली मासळी तुझ्या भावाला दे. शियाचं लोणी तुझ्या गुडघ्यांना. पिवळं कापड तुझं. तू गेलीस तेव्हा ट्रंकेतून मी काढून घेतलं होतं, दोनदा चर्चमध्ये मिसाला नेसले. शनिवारी तू नेस. पट्टा त्याच्या कमरेला तू बांध. बक्कल सैल झालंय, मागून पिन मी लावीन. अंगठी कोणालाही मिळणार नाही, ती माझ्याबरोबर मातीत जाईल. ओक्पोतीला भांडून मी खुर्च्या दोन करून घेतल्या आहेत, एक त्याच्या डाव्या हाताला, एक उजव्या. उजव्या कानाने त्याला अजून ऐकू येतं. मी कापलंय, आता आधी तू उचल.

(उजवी उचलू नकोस.)