मा. नगरसेवकांचं बाकडं

दि. ५ फेब्रुवारी, गुरुवार

तीर्थस्वरूप सौ. सोनूआत्यास अर्पिताचा नमस्कार.

पाकीट पाहून दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही. इकडे सगळ्यांच्या तब्येती ठीक आहेत. तिकडे तुझा गुडघा आणि मामांची साखर दोन्ही आटोक्यात असतील असं धरून चालते. नसतील तर कळव. फोनच केला असता, पण आपल्या घरात फोन स्पीकरवर ठेवून बोलतात आणि टेंभुर्णीत तुमच्याकडेही तसंच, त्यामुळे दोघींचं बोलणं दोन गल्ल्या ऐकतात. शिवाय लिहिताना मला क्रम नीट लावता येतो.

विषय तुझा भुजंग, म्हणजे आमचे काका. तू लग्न होऊन गेलीस तेव्हा ते गणपतीच्या मांडवात माइक सांभाळायचे. पुढचं तुला तुकड्यातुकड्यांनी कळलं असणार, म्हणून थोडक्यात सांगते. पहिली निवडणूक ते अकरा मतांनी हरले. त्यानंतर चौकात 'पराभवाबद्दल मतदारांचे आभार' असा फलक लागला. (मजकूर 'पाठिंब्याबद्दल' असा दिला होता, रंगवणाऱ्याने घाई केली.) लोक मुद्दाम थांबून तो वाचायला लागले, तेव्हा काकांनी तो तसाच ठेवला, आणि दुसरी निवडणूक आपण त्या फलकावर जिंकलो असं ते आजही मानतात. निवडून आल्यावर पाच वर्षांत त्यांनी ओळखीतली एकही तेरवी, एकही बारसं, एकही साखरपुडा चुकवला नाही. एकदा एकाच दिवशी कुंभार पिंपळगावला तेरवी आणि मंठ्याला लग्न होतं. काका दोन्हीकडे वेळेत पोचले, फक्त भाषणांची अदलाबदल झाली. लग्नात त्यांनी कुटुंबाला हा प्रसंग सहन करण्याची शक्ती मिळो अशी प्रार्थना केली. मुलीच्या वडिलांनी वर्षभराने फोन करून सांगितलं की ती शक्ती उपयोगी पडते आहे.

पण त्यांचं खरं काम म्हणजे सिमेंटची बाकडी. प्रभागात सत्तावीस आहेत, मी मोजली आहेत. प्रत्येकाच्या पाठीवर काकांचं नाव, नावाच्या आधी 'मा. नगरसेवक' आणि नावानंतर 'यांच्या प्रयत्नातून'. या 'मा.'कडे मी बरीच वर्षं पाहते आहे, आत्या. रंगवला तेव्हा तो 'माननीय'चा होता. मग मुदत संपली, निवडणुका लांबत गेल्या, नगरपालिकेवर प्रशासक बसले आणि कोणी ब्रशसुद्धा न लावता तोच 'मा.' 'माजी'चा झाला. सत्तावीस बाकड्यांवर एका रात्रीत, अक्षर न बदलता, अर्थ बदलला. याचा नक्की अर्थ काय धरायचा म्हणून मी काकांना विचारलं. ते म्हणाले, "वाचणाऱ्यानं आपापल्या श्रद्धेनं वाचावं."

या निवडणुकीच्या वेळी आरक्षणाची सोडत निघाली आणि आपल्या प्रभागातली एक जागा काकांना न बसणाऱ्या प्रवर्गाकडे, तर दुसरी महिलेसाठी गेली. काका त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी दोन वेळचं जेवले आणि काकू उभी राहणार असं जाहीर केलं. ते काकूला वर्तमानपत्रातून कळलं. (वर्तमानपत्रात 'पुष्पाबाई' होतं, मतदार यादीत 'पुष्पा' आहे, ही दुरुस्ती करायला म्हणून मी यात पडले, आणि अजून बाहेर पडलेले नाही.) अपक्ष म्हणून चिन्ह मिळालं शिलाई मशीन. प्रचाराच्या तिसऱ्या दिवशी चार बायका ब्लाउजपीस घेऊन दारात आल्या. काकूने मापं घेतली. भाषण तिने एकही केलं नाही. घरोघर जायची, नळाला पाणी येतं का एवढंच विचारायची, आणि उत्तर माझ्या जुन्या प्रॅक्टिकलच्या वहीत लिहायची. ती दोनशे चार मतांनी निवडून आली. मिरवणुकीत हार काकांच्या गळ्यात होता आणि काकू मागच्या जीपमध्ये. पप्पांना हे सगळं नंतर कळलं, ते तुरीत होते.

आता पहिल्या सभेचं सांगते, कारण पुढचं सगळं त्या सभेमुळे झालं आहे. नगरसेविकेच्या नवऱ्याला सभागृहात तिच्या शेजारी बसता येत नाही. काकांना हे अन्यायाचं वाटलं, पण त्यांनी मागच्या लोकांच्या रांगेत बसून काम चालवायचं ठरवलं. खूण ठरली खोकल्याची. एक खोकला म्हणजे हात वर करायचा, दोन म्हणजे नाही करायचा. मी घरीच हरकत घेतली होती की खोकला ही माणसाच्या ताब्यातली गोष्ट नाही, त्यातून महिना तूर काढण्याचा आहे. काका म्हणाले, "तू इंजिनेर हायस, तुला पाइपातलं कळतं. गळ्यातलं आमच्यावर सोड." सभेच्या सकाळी ते मळणी यंत्रापाशी दोन तास उभे राहून आले.

सभा अकराला सुरू झाली. काका अकरा वाजून चार मिनिटांनी खोकायला लागले. काकूने पहिल्या ठरावाला हात वर केला, खाली घेतला, परत वर केला. नगराध्यक्षांनी विचारलं, बाई, तुम्हाला काही बोलायचं आहे का. ती नाही म्हणाली. असे सहा ठराव गेले. सातवा विषय पाण्याचा होता. आपल्याकडे नळ नवव्या दिवशी येतो, काही गल्ल्यांना तेव्हाही येत नाही, म्हणून तपासणी करून अहवाल द्यायला तिघांची समिती नेमायची होती. हे काम म्हणजे सगळ्या गावाच्या शिव्या घरपोच घेणं, त्यामुळे अध्यक्ष कोण होणार म्हणताच सगळे नगरसेवक आपापले कागद वाचायला लागले. सभागृह पूर्ण शांत झालं. त्या शांततेत काका एकदाच, अगदी स्वच्छ खोकले.

टाळ्या अर्धा मिनिट चालल्या, असं काकू सांगते.

घरी आल्यावर काका तिला म्हणाले की काळजी करू नको, तब्येतीचं कारण लिहून राजीनामा देऊन टाकू, मजकूर मी सांगतो. काकू पदर खोचून भाकरी थापत होती. ती म्हणाली, "हात वर गेला तो गेला. आता खाली घ्यायला मला कोणाचा खोकला नको." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "अर्पे, मंग नकाशा काढ." तिला मी घरात इतकं सलग बोलताना आधी ऐकलं नव्हतं.

नकाशा काढणं हे माझं काम आहे. जालन्याच्या ऑफिसात मी दिवसभर पाणी योजनांच्या पाइपलाइनी काढते, त्यामुळे मला वाटलं दोन रविवारात होईल. पण आपल्या भागातल्या जुन्या लाइनचा नकाशा कुठेच मिळाला नाही. तो फक्त तातेरावांच्या डोक्यात आहे. (तातेराव म्हणजे पाणी सोडणारे, एकतीस वर्षं तेच व्हॉल्व्ह फिरवतात.) मी प्रेशर गेज घेऊन, काकू वही घेऊन आणि तातेराव लोखंडी चावी घेऊन, असे तिघं तीन रविवार फिरलो. खालच्या आळीतल्या बावन्न घरांना पाणी का चढत नाही ते शोधायचं होतं. वहीत त्या बावन्न घरांपुढे काकूने 'न्हाई' असं लिहिलेलं आहे, बावन्न वेळा. पाराच्या अलीकडे दाब बरोबर होता, पलीकडे निम्म्याहून कमी. म्हणजे मधे कुठेतरी एक व्हॉल्व्ह अर्धा बंद असणार. माझ्या नकाशात चौदा व्हॉल्व्ह होते, आणि तातेराव पहिल्या दिवसापासून पंधरा म्हणत होते. पंधरावा कुठे आहे असं विचारलं की ते तंबाखू मळायचे.

तिसऱ्या रविवारी सकाळी आठला पारासमोर उभं राहून मी सरळ विचारलं. समोर बाकड्यावर काका मांडी घालून बसले होते, भोवती पाचसहा माणसं, कोणाचं तरी रेशनकार्डाचं काम चाललं होतं. तातेराव हळू आवाजात म्हणाले, "सायेब उठले की दावतो."

साहेब साडेनऊला उठले. व्हॉल्व्हचं चेंबर बाकड्याखाली निघालं. फरशीसकट वर बाकडं बसवलेलं, चावी घालायला बोटभरही जागा नाही. आठ वर्षं तो व्हॉल्व्ह अर्धा बंद आहे. हे माहीत असून सांगितलं का नाही, असं मी तातेरावांना विचारलं. त्यांनी बाकड्याच्या पाठीकडे चावी दाखवली. "त्यावर मा. नगरसेवक लिवलंय, बाई. मी कसा हलवू? आन् मला कोणी इचारलं पण न्हाई."

सत्तावीस बाकड्यांपैकी हे पहिलं आहे, आत्या. काकांना दुसरं ऑफिस नाही. सकाळी सात ते नऊ ते तिथे बसतात आणि ज्याचं जे काम असेल ते ऐकतात. निवडून आलेले होते तेव्हा बसायचे, माजी झाले तेव्हाही बसायचे, आणि काकू निवडून आल्यापासून अर्धा तास जास्त बसतात. अहवालात मी लिहिलं आहे की बाकडं काढून चेंबर मोकळं करावं. उन्हाळ्याच्या आत हे झालं नाही तर खालच्या आळीला यंदाही टँकरची वाट पाहावी लागेल. काकांचं म्हणणं, लाइन वळवा. वळवता येत नाही, हे मी त्यांना उतार काढून दाखवलं. त्यांनी आकृती उलटीसुलटी करून पाहिली आणि म्हणाले की कागदावर सगळं बराबर दिसतं.

अहवाल शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी १६ तारखेला, सभेत काकूने स्वतः वाचायचा आहे. तिची तयारी आहे. माझ्यासमोर तिने तो पाच वेळा न अडखळता वाचला. पण सहाव्या वेळी काका पाणी प्यायला आत आले, तर ती मधेच थांबली आणि कागद त्यांच्या हातात देऊन चहा ठेवायला गेली. सातव्या वेळीही तेच झालं. सत्तावीस वर्षांची सवय आहे, तीन रविवारात जात नाही. सभेत मागच्या रांगेत काका बसलेले असले की ती वर बघणार, आणि वर बघितलं की अहवाल तिथेच थांबणार. बावन्न घरं यावर अवलंबून आहेत. माझं स्वतःचं यात काही नाही.

असो. पत्र लांबलं. मामांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद द्यायचं माझं वय नाही, तेव्हा तो तूच दे.

तुझी,
अर्पिता

ता. क. वर 'माझं स्वतःचं यात काही नाही' असं लिहिलं, ते बरोबर नाही. माझंही आहे. काकूने अहवालाखाली सही करायला तीन दिवस लावले, कारण तिने त्यातला प्रत्येक शब्द मला विचारून समजून घेतला. तो तिनेच वाचावा असं मला वाटतं.

ता. क. दुसरा. पत्राचं कारण हे: काका सगळ्या तालुक्याला उत्तर देतात, पण तुला 'नाही' म्हणत नाहीत. तेव्हा शिवरात्रीच्या निमित्ताने त्यांना टेंभुर्णीला बोलावून घे आणि मंगळवारपर्यंत सोडू नकोस. कारण काहीही काढ, फक्त आजारपण सांगू नकोस. ते सभा सोडून दवाखान्यात येतील खरे, पण काकूलाही बरोबर आणतील. मी हे सुचवलं असं कळू देऊ नकोस.

ता. क. तिसरा. वरचं शेवटचं वाक्य आता निरुपयोगी झालं. पाकीट चिकटवत होते तेव्हा काका मागे उभे होते. "कोणाला लिहून राह्यली?" म्हणाले. मी खोटं बोलत नाही, तुला माहीत आहे. त्यांनी पत्र हातातून घेतलं आणि उभ्याउभ्या सगळं वाचलं, ता. क. धरून. लग्नातल्या भाषणापाशी थोडे हसले. बाकड्यापाशी थांबले, ते पान दोनदा वाचलं. मग म्हणाले, "अक्काला लिही, शनिवारीच येतो म्हणावं. मी हितं असलो तर बोलल्याबिगर ऱ्हावणार न्हाई, माझं मला ठावं हाय. आन् बाकडं उचलायचं ते मी नसताना उचला."

मी बरं म्हटलं.

दारापर्यंत जाऊन ते परत आले. अहवालात त्यांचं नाव किती डाव आहे, असं विचारलं. मी सांगितलं, तीनदा: बाकडं कोणाच्या प्रयत्नातून बसलं, कधी बसलं आणि कोणाचं काढावं. हे सगळं सभेत मोठ्याने वाचलं जाईल का? जाईल. इतिवृत्तात कायमचं राहील का? राहील. ते समाधानाने मान हलवत राहिले. मग म्हणाले, "नुसतं भुजंग लिवलंय का भुजंगराव?"

तांत्रिक अहवालात आदरार्थी शब्द वापरत नाहीत, हे मी त्यांना नीट समजावून सांगितलं. ते चपला घालून पाराकडे गेले.

तिन्ही ठिकाणी 'राव' लावला आहे.