जयाचं पथ्य

१७ नोव्हेंबर १९९६, नेरूळ

जयाच्या दोन्ही किडन्या थकल्यात. मीठ बंद. डाळ मोजकी. टोमॅटो, केळी, शहाळं नाही. पाणीसुद्धा मापात. लग्नापासून तिच्या हातचं आयतं खाल्लं. आता स्वयंपाक मी करणार. ठरलं.

१९ नोव्हेंबर

डॉक्टरांनी सांगितलं तसे बटाटे चिरून भिजवले, पाणी फेकलं, मग शिजवले. चवही त्या पाण्याबरोबर गेली. जया दोन घासांवर उठली.

"असलं खाऊन जगायचं कशाला?"

उद्याही हेच.

२२ नोव्हेंबर

शेजारच्या अरुणावहिनी शहाळं घेऊन आल्या. "नारळपाण्यानं कुणाचं वाईट झालंय, भाऊजी?" मी परत पाठवलं. त्यांचा चेहरा उतरला. जया दिवसभर माझ्याशी बोलली नाही. चालेल.

२५ नोव्हेंबर

मनालीनं आज कॉलेजातून आल्या आल्या सुनावलं. "बाबा, आई मिठानं नाही, उपाशी राहून जाईल. तिचे दंड बघितलेत?"

बघितले. बांगड्या कोपरापर्यंत सरकतात. पथ्य पाळावं तर ती जेवत नाही, जेवावी म्हणून ढिलं सोडावं तर विष. पोरीवर ओरडलो. चुकलं माझं.

२६ नोव्हेंबर

डॉक्टरांना फोन केला. लसूण चालेल. मिरी चालेल. लिंबू थोडं. एवढं आधी विचारायला काय झालं होतं मला? आणि आजपासून घरात सगळ्यांनाच बिनमिठाचं. तिच्यासमोर आम्ही आमटी ओरपायची, हे बरं नाही. मनालीनं तोंड वाकडं केलं, पण जेवली.

२९ नोव्हेंबर

दुधीला लसणाची खमंग फोडणी, वर लिंबू. तांदळाची भाकरी. जयानं अख्खी भाकरी खाल्ली! वर म्हणते, "लसूण जरा करपवलात." कधी नव्हे ते बोलणं गोड वाटलं. जमतंय मला.

४ डिसेंबर

जयाच्या अंगावर सूज दिसते. जेवण नीट चाललंय, मग का? शनिवारी दाखवायचं.

७ डिसेंबर

तपासून झाल्यावर डॉक्टरांनी मला एकट्याला आत थांबवलं. रिपोर्ट मिटून ठेवले. म्हणाले, "आता पथ्य राहू द्या. त्यांना आवडेल ते खाऊ घाला."

बाहेर जयाला तेवढंच शेवटचं वाक्य सांगितलं. केवढी खूश झाली. रिक्षात बसल्याबसल्या म्हणाली, "बघा, झाले की नाही बरी? आज चिंबोऱ्या आणा. कालवण मी करते."

मी हो म्हणालो.