डाव्या पायाचा पूर्वपक्ष

येना, रविवार, दुपारचं जेवण झाल्यावर

तीर्थस्वरूप शशिकांतदादा यास,

तुझा धाकटा चुलतभाऊ मधू याचा साष्टांग नमस्कार. (आठांपैकी सहा अंगं जमिनीला टेकली. दोन्ही गुडघ्यांनी असमर्थता कळवली आहे. वयोमान लक्षात घेऊन नमस्कार पूर्ण मानून घ्यावा.) इकडे साधना बरी आहे, वल्लरी बरी आहे आणि मी त्या दोघींना बरा वाटेन इतपत बरा आहे. थंडी पडली आहे. येनामध्ये थंडी पडली हे सांगणं म्हणजे कोल्हापुरात रस्सा तिखट होता हे सांगण्यासारखं आहे, पण पत्राला हवामान लागतं.

तुझी प्रकृती कशी आहे, हेही विचारायची पद्धत आहे. विचारलं. उत्तर देऊ नकोस, कारण ते ऊर्मिलावहिनींनी फोनवर दिलं. साखरेनं डाव्या पायाची जखम काळी पडली, डॉक्टर म्हणतात पोटरीतून पाय काढला नाही तर विष वर चढेल आणि मग कुणाच्याच हातात काही राहणार नाही, आणि तू म्हणतोस, "नाद सोडा म्हणावं डॉक्टरला. डावा सोडून काय पाहिजे ते कापा." वहिनींनी हे अगदी तुझ्या आवाजात म्हणून दाखवलं. मी तुझ्याशी बोलायला मागितलं, तर "काय म्हणतंय जर्मनी?" एवढं विचारून तू फोन परत त्यांच्या हातात दिलास. म्हणून हे पत्र. मात्र यात तुझ्या पायाबद्दल मी एक अक्षर लिहिणार नाही अशी प्रतिज्ञा करून बसलो आहे. तुझ्यामाझ्यात बोलता येईल असा विषय मुळात एकच आहे, आणि मी त्याच्यावरच लिहिणार: आपल्या कॉलेजचा पंच्याऐंशीचा फुटबॉल संघ मोठा, की त्र्याण्णवचा.

हा वाद आपण माझ्या लग्नात घातला, तुझ्या मुलीच्या लग्नात घातला, आणि आबाकाकांच्या तेराव्याला घालत होतो तेव्हा गुरुजींनी मंत्र थांबवून "पंच्याऐंशी" असं मत दिलं होतं. (गुरुजी तुमच्या वर्गातले होते. पक्षपाती साक्ष ग्राह्य धरत नाहीत.) दोन्ही संघ हरले नाहीत. तुमच्यावर त्या मोसमात कुणाला गोल करता आला नाही, आमचे गोल मोजायला स्कोअररला बोटं पुरली नाहीत. तुम्ही लांब पास देऊन धावायचात, आम्ही आखूड पास देऊन धावायला लावायचो. तुमच्याकडे लेफ्ट आउटला तू होतास. आमच्याकडे राखीव गोलकीपर मी होतो आणि बाकावर बसून मी पाणिनीचे निम्मे अध्याय पाठ केले, यावरून आमची बचावफळी किती भक्कम होती हे कुणाच्याही ध्यानात यावं. तुझ्या येत नाही.

आता झालं असं की, वल्लरी इथल्या विद्यापीठात क्रीडाशास्त्र शिकते आणि तिचा विषयच नेमका हा आहे: वेगवेगळ्या काळांतल्या अजिंक्य संघांची तुलना कशी करावी. (मराठी तिला सगळं समजतं, बोलते जर्मन, आणि रागावते दोन्हींत.) मला वाटलं, आपला तंटा आता यंत्राकडून सुटणार. तिनं लॅपटॉप उघडला आणि विचारलं, व्हिडिओ आहे का? नाही. खेळाडू किती किलोमीटर धावले? मैदानाबाहेर की आत, असं मी विचारलं, कारण तुमचा सेंटर हाफ सामना संपल्यावर पंचाच्या मागे बराच धावला होता. पासांची नोंद? एक फोटो आहे, म्हटलं, पण त्यात चौघांचे डोळे मिटलेले आहेत. मग पुरावा काय, असं ती म्हणाली. मी सांगितलं, बाळ, प्रत्यक्ष आणि अनुमान ही दोन्ही प्रमाणं इथं लागू पडत नाहीत. तुझ्या मोठेकाकांच्या संघाला आधार फक्त शब्दप्रमाणाचा, आणि तो शब्दही मोठेकाकांचाच. तिनं लॅपटॉप मिटला. "पापा, दास गेट निष्ट," म्हणाली. म्हणजे हे जमणार नाही. जर्मन भाषेत नकार फार स्वच्छ असतो, आपल्याकडच्यासारखा त्याला पाहुणचार नसतो.

वहिनींचा फोन त्याच आठवड्यात आला. आणि काल, शनिवारी, आमच्या मंडळाची दिवाळी होती. मंडळ म्हणजे येनात आणि आसपास विखुरलेली पंधरा-वीस कुटुंबं. मंडळाच्या अरुणाताईंनी मला सुभाषितांवर थोडं बोलायला सांगितलं होतं. (इथं मी भिंगांच्या कंपनीत सॉफ्टवेअरची माहितीपुस्तकं लिहितो, पण एम. ए. संस्कृत ही पदवी माणसाला कुठंही गाठते.) सुभाषितं काढून बसलो, पण डोक्यात दोन दिवस दुसरं काही शिरत नव्हतं. तेव्हा उभा राहिलो आणि म्हणालो, आज सुभाषितांऐवजी एक शास्त्रार्थ. विषय, पंच्याऐंशी की त्र्याण्णव. सभेत निम्मे पुण्याचे, निम्मे मुंबईचे. कोल्हापुरात फुटबॉल खेळतात हीच त्यांना बातमी होती. एकानं हळूच विचारलं, "म्हणजे कुस्तीच ना?"

इथं माझी चूक झाली, आणि ती शास्त्र शिकलेल्या माणसाकडूनच व्हावी अशी आहे. आपली बाजू मांडण्याआधी समोरच्याची बाजू मांडायची, आणि ती पडेल अशी नव्हे, तर त्याला स्वतःला मांडता आली नसती इतकी मजबूत करून मांडायची, हा नियम. त्यालाच पूर्वपक्ष म्हणतात. मग उत्तरपक्षात एकेक वीट काढायची. कॉलेजातल्या संस्कृतच्या सरांनी हे माझ्या अंगात इतकं मुरवलं आहे की साधनेशी भांडतानाही मी आधी तिची बाजू मांडतो, आणि ती "बरोबर" म्हणून उठून जाते. तरी मी शहाणा झालेलो नाही. काल मी तुमच्या संघाचा पूर्वपक्ष मांडायला घेतला.

सांगलीकरांविरुद्धची फायनल सांगितली. लाल मातीचं मैदान, झाडांवर चढलेली माणसं, कोरा स्कोअर, आणि संपायच्या थोडं आधी डावीकडे रेषेजवळ मिळालेली फ्री किक. तिथून गोल होत नाही, हे तिथल्या बोरं विकणाऱ्या बाईलाही माहीत होतं. त्यांचा गोली मोजे वर ओढत होता. तू चार पावलं मागं गेलास, बुटाचं टोक मातीवर घासलंस आणि मारलास. चेंडू खांबाच्या बाहेर गेला. बाहेरच गेला होता, दादा. आमच्या शेजारचा माणूस "गेला!" म्हणून खाली बसला. आणि मग त्या चेंडूला काहीतरी आठवलं असावं. तो वळला, आत आला आणि जाळीत जाऊन पडला. पंचाच्या तोंडातून शिट्टी खाली पडली आणि त्यानं, नियम काय म्हणतात ते म्हणोत, टाळ्या वाजवल्या. आता गेली तीस वर्षं मी तुला सांगत आलो आहे की तो वाऱ्याने गोल झाला. पण पूर्वपक्षात लबाडीला जागा नसते. मी सभेत म्हणालो, "त्या दिवशी वारा पडलेला होता. झाडाचं पान हलत नव्हतं." साधनेनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. लग्नापासून ती तो वारा ऐकत आली आहे.

मागे मंडळातला लहू सगळ्यांसाठी वडे तळत होता, त्या कढईचा आवाज तेवढा येत होता. मला वाटलं, जमतंय. आणि त्याच क्षणी लक्षात आलं की मी शास्त्रार्थ करत नाही आहे. शोकसभेत ज्या आवाजात बोलतात त्या आवाजात मी एका पायाबद्दल बोलत होतो, आणि तो पाय अजून हॉस्पिटलच्या पलंगावर पांघरुणाखाली होता.

विपुल नावाचा एक चांगला मुलगा आहे, नुकताच संशोधनासाठी आला आहे. त्यानं हात वर केला. "सर, दादा आता काय करतात? कोचिंग वगैरे?" मी टेबलावर पाण्याचा ग्लास शोधू लागलो. तर मागून वल्लरी उभी राहिली. चारचौघांत ही मुलगी मराठी बोलत नाही, हे तुला ठाऊक आहे. तुझ्याशीसुद्धा ती मान हलवून बोलते. ती म्हणाली, "मोठेकाका हॉस्पिटलमध्ये आहे. त्याचा तोच पाय कापायचा आहे. नाही कापला तर तो मरणार. आणि तो नाही म्हणतो." मग माझ्याकडे बघून, "कारण सगळे सारखी फक्त त्या पायाचीच गोष्ट सांगतात."

व्याकरणाच्या तीन-चार चुका होत्या. मी एकही दुरुस्त केली नाही.

उत्तरपक्ष राहिलाच. सभागृह एका फुटबॉल क्लबाचं, भाड्यानं घेतलेलं, आणि त्याचा हाउसमाइस्टर, म्हणजे किल्ल्या सांभाळणारा गृहस्थ, दारात येऊन किल्ल्या वाजवू लागला. वेळ संपली की इथं किल्ल्या वाजतात. माणूस रडतोय की शास्त्रार्थ करतोय हे बघायची पद्धत नाही. अरुणाताईंनी घाईघाईनं मत घेतलं. पंच्याऐंशीला सगळे हात वर. साधनेचाही. वल्लरीनं तर दोन्ही वर केले, आणि ते कुणी बाद धरले नाहीत. त्र्याण्णवला एक मत पडलं. लहूचं. तो कढईपाशी होता, त्याला प्रश्न ऐकू आला नव्हता, त्याला वाटलं अजून वडे कुणाला हवेत ते विचारताहेत.

घरी येताना ट्रॅममध्ये मी वल्लरीला म्हटलं, अगं, मोठेकाकांसारखा माणूस घाबरत नाही कुणाला. ती "गेनाऊ" म्हणाली. म्हणजे, अगदी बरोबर. मग खिडकीबाहेर बघत जर्मनमध्ये म्हणाली की जो कधी घाबरलेला नाही त्याला घाबरायचं कसं तेही कुणी शिकवलेलं नसतं. ही मुलगी माझ्यावर गेलेली नाही. बहुधा वहिनींवर गेली असावी, रक्ताचं नातं नसलं तरी.

असो. निकाल तुला कळवायचा होता, तो कळवला. तुम्ही जिंकलात. प्रतिज्ञा मी पाळू शकलो नाही हे माझ्या लक्षात आलं आहे, तुझ्याही आलं असेल. वहिनींना नमस्कार. लोभ वाढवण्याची विनंती करत नाही, होता तेवढा पुरे आहे. साखर मात्र कमी कर.

तुझा,
मधू

ता. क. ऊर्मिलावहिनी, हे पत्र फोटो काढून तुमच्या मोबाइलवर पाठवतो आहे, कारण टपालाच्या गतीवर आत्ता विसंबता येत नाही. दादाला वाचून दाखवाल तेव्हा पुढचा मजकूर गाळू नका. तो "बास" म्हणेल. म्हणू द्या.

ता. क. दुसरा. दादा, राहिलेला उत्तरपक्ष इथं लिहितो. थोडक्यातच आहे. आमचा संघ मोठा, आणि कारण एकच. त्र्याण्णव साली तू बँकेत लागला होतास आणि रोज सकाळी ऑफिसला जायच्या आधी सायकल रेषेबाहेर लावून उभा राहायचास. तुला कुणी नेमलं नव्हतं, कुणी चहासुद्धा विचारत नव्हतं. त्या वर्षभरात तू एकदाही चेंडूला पाय लावला नाहीस, पॅंटला माती लागेल म्हणून. नुसता ओरडायचास. कुणी कुठं उभं राहायचं, कुणी कधी सोडायचं, कोण झोपलाय. (झोपलेला बहुतेक मीच असे.) अकरा सामान्य पोरं तुझ्या तोंडाच्या जोरावर अजिंक्य झाली. त्या संघात तुझा डावा पाय नव्हता. उजवाही नव्हता. तू होतास. म्हणून तो संघ मोठा. पंच्याऐंशीला तू पायानं जिंकलास, त्र्याण्णवला पायाशिवाय.

यावर तुझं म्हणणं असणार, मला ठाऊक आहे. मोठं असणार, आणि त्यात शिव्या असणार. ते ऐकायला मी तिकीट काढलं आहे, गुरुवारी सकाळी तुझ्यापाशी पोचतो. पण त्याआधी डॉक्टर जो कागद पुढं करताहेत त्याच्यावर सही करून टाक. शास्त्रात प्रतिवादी जिवंत लागतो. तो नसेल तर समोरच्याचा पक्ष आपोआप सिद्ध होतो, आणि मग त्र्याण्णवचा संघ कायमचा मोठा ठरेल, राखीव गोलकीपरच्या तोंडून, ज्यानं एकही चेंडू अडवला नाही. तुला ते चालणार असेल तर सही करू नकोस.

मला चालणार नाही, दादा.