वाचनालय वाचवायला गेलो त्याची हकिकत

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार (कंबर धरली आहे, म्हणून मनातल्या मनात). तुझा गुडघा कसा आहे? भाऊजींचा खोकला आणि त्यांची राजकीय मतं, दोन्ही आटोक्यात असतील असं धरून चालतो.

तुझ्या हुकुमाप्रमाणे त्या वार्षिक राजकीय महोत्सवाला जाऊन आलो. मंत्र्यांना गाठायचं, 'आमच्या ताईचं वाचनालय बंद करू नका' म्हणायचं आणि फार अक्कल न पाजळता परत यायचं, एवढंच काम होतं. पण दारातच घोळ झाला. तिथल्या बाईंनी विचारलं, भाषण आहे का? नाही म्हटलं. ओळखी वाढवायच्यात? नाही. मग कशाला आलात? म्हटलं, ऐकायला. असा माणूस त्यांनी बहुधा प्रथमच पाहिला. त्यांनी लगेच माझ्या गळ्यात पिवळी फीत अडकवली.

पिवळी फीत म्हणजे फिरता श्रोता, हे मला तशीच फीत घातलेल्या, शेजारी बसलेल्या एका निवृत्त बँकवाल्यांनी समजावलं. परिसंवाद चार दालनांत आणि माणसं जेवणाच्या मांडवात, त्यामुळे आम्हाला उचलून पहिल्या रांगेत बसवतात. कॅमेरा फिरून गेला की चला पुढच्या दालनात. आम्ही हसलो की मागचे हसतात, आम्ही उठलो की सभा उठते. "मान हलवत राहा, म्हणजे डुलकी लपते," हा त्यांचा अनुभवाचा सल्ला. मी 'पाण्याचं भवितव्य' ऐकलं (प्यायला नव्हतं), 'तरुणांचा आवाज' ऐकला (सगळे वक्ते भाऊजींच्या वयाचे). मधल्या वेळेत एकाने मला स्वतःचं कार्ड दिलं, मी कुणी नाही हे कळल्यावर परत मागून घेतलं.

शेवटी मंत्री हात धुताना सापडले. म्हटलं, साहेब, तिथे म्हातारी माणसं पेपर वाचतात, घरी जागा नसलेली मुलं अभ्यास करतात, आणि कुणी कुणाला पक्ष विचारत नाही. त्यांनी ओल्या हाताने माझा खांदा थोपटला आणि सचिवाला म्हणाले, "लिहून घ्या." ताई, मी हवेत होतो.

समारोपाच्या भाषणात माझी तिन्ही वाक्यं जशीच्या तशी आली. पुढे साहेब म्हणाले, अशा जागा आता उरल्या नाहीत, म्हणून बंद पडलेल्या वास्तूंत आम्ही जनसंवाद केंद्रं उघडणार. पहिलं केंद्र कुठे? तुझ्या वाचनालयात! "अहो, ते चालू आहे!" असं ओरडत मी ताडकन उभा राहिलो. पिवळी फीत उठलेली पाहून अख्खं सभागृह उठलं. टाळ्यांत माझा आवाज मलाही ऐकू आला नाही. साहेबांनी माझ्याकडे बघून हात जोडले.

थकलोय. भाऊजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. : उद्याच्या पेपरात पहिल्या रांगेत तोंड उघडून उभा असलेला मीच. भाऊजींना सांग, तो जयघोष नाही, हरकत आहे.

आणखी एक : सोमवारी साहेबांची माणसं 'बंद वास्तू' पाहायला येणार आहेत. गुडघा दुखत असला तरी सकाळीच दार उघड आणि सगळ्या खुर्च्या मांड. बँकवाल्यांनी फिरते श्रोते जमवले आहेत, सगळे येतो. त्यातल्या एकाने विचारलं, तिथे खरंच वाचायचं का? म्हटलं, बघा, जमलं तर.