नेहमीच्या माणसांना अधिभार

प्रिय समर्थ,

तीनदा तुझा फोन आला आणि तीनदा मी ‘गाडी चालवतेय’ म्हणून ठेवून दिला. गाडी खरंच चालवत होते, फक्त कुठे जायचंय ते ठरलेलं नव्हतं. परवा काहीही काम नसताना मंचरपर्यंत गेले, हायवेवर कांद्याच्या ट्रकांमागे अर्धा तास अडकले आणि तशीच परत फिरले. सकाळी ट्रॅव्हल एजन्सीचं शटर उघडते, कॉम्प्युटर लावते, दोन मिनिटांत उठून दारात येऊन उभी राहते. गिऱ्हाईक समोर बसलेलं असतं आणि मी भलतंच काही सांगत असते. काल वारूळवाडीला गेले तर आई म्हणाली, “तुझा जीव थाऱ्यावर न्हाई, हर्षाली. भावाशी भांडलीस का?” नाही म्हटलं. अजून भांडले नव्हते, एवढं खरं. म्हणून लिहायला बसले. पत्रात निदान तुला मध्येच बोलता येणार नाही.

बोटीची सहल नीट झाली, हे आधी सांगते. बावीस जण होतो. बरेचसे नारायणगावचे, चौघं मंचरची, आणि नेहमीप्रमाणे वाटेत मढच्या फाट्यावर चढलेल्या भिमाबाई. त्यांना तू विसरला नसशील. लग्नानंतर वीस वर्षं मेंढरांमागे घाट उतरून कोकणात गेलेली बाई, पण समुद्र बघितलेला लांबूनच. आता मेंढरं थोडी राहिलीत, पोरगा नोकरीला लागला, म्हणून चार वर्षांपूर्वी पहिल्यांदा माझ्याबरोबर आल्या. मुंबईच्या धक्क्यावर बोट बघून त्यांचे पाय अडले होते. तू आम्हाला सोडायला आला होतास, बोट कंपनीचा निळा कोट घालून. त्यांनी तुलाच विचारलं, “बुडायची न्हाई ना रं ही?” तू त्यांची पिशवी हातात घेतलीस आणि म्हणालास, “मावशी, मी इथं कामाला आहे. बुडू देईन का?” त्या हसल्या आणि शिडी चढल्या.

तेव्हापासून दरवर्षी येतात, आणि बाकीच्यांसारखं त्यांनाही तुमच्याकडून नेहमीच्या प्रवाशांचं सोबती कार्ड मिळालं. गेल्या वर्षी दुसऱ्या एका कंपनीची स्वस्त सहल निघाली होती. मी माहितीपत्रक सगळ्यांपुढे ठेवलं. भिमाबाईंनी ते हातातसुद्धा घेतलं नाही. “आपली बोट सोडून दुसरीकडं कशाला? तिथं आपला मानूस हाय.” बाकीच्यांनी माना डोलावल्या. मी तुला लगेच मेसेज केला, आमची माणसं तुमच्या कंपनीला किती धरून आहेत बघ म्हणून. तू तो मेसेज तुमच्या मीटिंगमध्ये वाचून दाखवलास, साहेबांनी टाळ्या वाजवल्या. त्या दिवशी मी पेढे आणले होते. आता वाटतं, तुला पुढची अधिभाराची युक्ती सुचली ती माझ्याच मेसेजवरून. हे मनातून जात नाही.

निघायच्या दहा दिवस आधी तुमचं पत्रक आलं. तेल महागलं, सबब माणशी इंधन अधिभार. तेल महागतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही, आमच्या बसवाल्यानंही भाडं वाढवलं. पण खाली एजंटांसाठी वेगळा परिच्छेद होता. पहिल्यांदा येणाऱ्या प्रवाशांना अधिभार माफ. सोबती कार्ड असलेल्यांकडून मात्र पूर्ण घ्यावा, कारण नेहमीचे प्रवासी बुकिंग सहसा रद्द करत नाहीत. त्याखाली तुझं नाव. मी ते दोनदा वाचलं, कागदाची घडी घातली आणि तो ड्रॉवरमध्ये ठेवून दिला. मग सगळ्यांना फोन लावले आणि सांगितलं, अधिभार लागलाय, सगळ्यांनाच आहे. ‘सगळ्यांनाच’ हा शब्द पत्रकात नव्हता, समर्थ. तो मी घातला.

लोकांनी कुरकुर केली आणि दिला. भिमाबाई तर म्हणाल्या, “बोटीला त्याल कमी पडलं व्हय? मग दिऊ की. आपलीच हाय.” त्यांनी दुसऱ्याच दिवशी पोराबरोबर पैसे पाठवले. एवढं सहज कुणी दिलं की घेणाऱ्याचा हात जड होतो.

बोटीवर दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी शेजारच्या टेबलावर नाशिकचं एक जोडपं होतं. पहिलीच खेप. गप्पांत अधिभाराचा विषय निघाला, तेव्हा ती बाई म्हणाली, “आम्हाला नाही लागला. नवीन लोकांना माफ आहे म्हणे.” आमच्या टेबलावरचे कप खाली आले. कुणीतरी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, काहीतरी चूक झाली असेल, चौकशी करते. भिमाबाई उठून खोलीत गेल्या. एरवी त्या दिवसभर वरच्या डेकवर कठड्याला धरून उभ्या असतात, त्यानंतर खोलीतून फक्त जेवायला बाहेर आल्या.

परत येताना माळशेज चढून बस मढला थांबली. त्यांची पिशवी खाली द्यायला मी उतरले. त्यांनी कमरेची चंची सोडली, तुमचं सोबती कार्ड काढून माझ्या हातात ठेवलं. “आमाला वाटलं, वळखीचं म्हनून दिलंय. वळखीच्याकडूनच जादा घेत्यात व्हय?” मी म्हटलं, तुमचे पैसे मी माझ्याकडचे देते. त्या म्हणाल्या, “पैशाचं न्हाई वो ताई,” आणि वळून चालायला लागल्या. बसमध्ये वीस माणसं खिडकीतून बघत होती.

त्या दिवसापासून माझं असं झालंय. तुला फोन करून शिव्या द्याव्यात असं दहा वेळा वाटलं. मग वाटायचं, तुझ्यावर वरून दडपण असेल, घराचा हप्ता असेल, पोरगी आत्ता कुठे शाळेत जायला लागलीय. मी तुला वाचवते आहे, असं स्वतःला सांगत राहिले. पण भिमाबाईंशी खोटं बोलले ती मी. तू तर निदान कागदावर खरं लिहिलं होतंस.

रविवारी मढला गेले. भिमाबाई अंगणात पावटा सोलत बसल्या होत्या. मी उभ्याउभ्याच सांगितलं, की मला आधीपासून माहीत होतं, आणि पत्रकावर माझ्या भावाचं नाव होतं. त्यांनी सोलणं थांबवलं नाही. तशाच सोलत म्हणाल्या, “त्यो पिशवी घेनारा पोरगा?” मी मान हलवली. “तुमी येऊन सांगितलं, लई बरं केलं. पर पुढल्या साली मी न्हाई येनार.” चहा मात्र दिला. तो संपवून निघाले.

आता हे पत्र कशासाठी, ते सांगते. येत्या मंगळवारी मुंबईत तुमची एजंटांची बैठक आहे. ‘नेहमीचा प्रवासी कसा टिकवावा’ यावर तू बोलणार आहेस, असं निमंत्रणात छापलंय. मी येतेय, नाव नोंदवलं आहे. प्रश्नांच्या वेळी मी उभी राहून माइक मागणार आणि जे घडलं ते सगळं सांगणार, माझ्या खोट्यासकट. हा अधिभार नव्या-जुन्या सगळ्यांना सारखा करा, नाहीतर माझी एजन्सी काढून घ्या, असं म्हणणार. पत्रक कुणी काढलं, हेही विचारणार. तुझं नाव मी घेणार नाही. ते तू घ्यायचंस की खाली मान घालून बसायचं, याचा विचार करायला तुझ्याकडे पाच दिवस आहेत. एवढा वेळ मिळावा म्हणूनच आज लिहिलं. मी तिसऱ्या रांगेत असेन. चारचौघांत मला ताई म्हणायचं की मॅडम, तेही तूच ठरव.

काही झालं तरी तुझीच,
हर्षालीताई